आमची वाटचाल : रिचार्जच्या गाळ्यापासून

२००९ साली इचलकरंजीत १० बाय ८ च्या गाळ्यात मी मोबाईल रिचार्जचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक बहुतेक यंत्रमागावरचं, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचं. रिचार्ज झालं की हमखास प्रश्न यायचा, "शेठ, गावी पैसे जातील का इथून?" बँकेत रांग लावायची तर पाळी बुडायची.

ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेनं देशांतर्गत पैसे पाठवण्याचे नियम सैल केले. दोन वर्षांनी आम्हीही एजंट झालो. एका वेळी ५ हजार, महिन्याला २५ हजार, एवढीच मुभा. १२ हजार पाठवायचे तर तीन पावत्या! पगाराच्या दिवशी रात्री दहापर्यंत शटर खाली येत नसे.

एक चूक कबूल करतो. नोंदणीला मोबाईल नंबर लागायचा. ज्याच्याकडे फोन नसे, त्याला आम्ही आमचाच नंबर लावून द्यायचो. ओटीपी काउंटरवरच यायचा, काम झटपट. अशीच एक रक्कम फसवणूक करणाऱ्याच्या खात्यात गेल्याचं निघालं आणि पोलिसांचा फोन थेट आम्हाला. पैसे कुणी दिले, माणूस राहतो कुठे, काहीच सांगता येईना. पोलीस ठाण्याच्या तीन चकरा झाल्या. त्याच आठवड्यात बायकोनं जाडजूड वही आणली : नाव, ओळखपत्राची प्रत, सही. गिऱ्हाईक कुरकुरलं, काही शेजारच्या दुकानात गेलं. जाऊ दे म्हटलं.

त्यामुळे १ नोव्हेंबर २०२४ पासून पाठवणाऱ्याचं ओळखपत्र, पडताळलेला नंबर आणि प्रत्येक व्यवहाराला वेगळी खातरजमा सक्तीची झाली, तेव्हा या धंद्यातल्या लोकांत बोंब उठली, पण आमची घडी फारशी विस्कटली नाही.

खरा फटका यूपीआयनं दिला. नोटाबंदीनंतर गल्लीभर क्यूआर कोड चिकटवत आम्हीच फिरलो होतो! १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असं ठरलं. चहावाल्याचं भलं झालं, पण कोड लावून देणाऱ्याच्या ताटात काय उरलं, हा हिशेब कुणी केलेला दिसत नाही.

आता तरुण पोरं मागाशेजारी उभ्या उभ्या घरी पैसे धाडतात. आमच्याकडे येतात ती वयस्क मंडळी, आणि खात्यातून पैसे उडाले म्हणून घाबरून आलेले. त्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावून देतो, तक्रार भरून देतो. त्याचे पैसे घेत नाही. जाताना बरेचजण रिचार्ज मारून जातात.