आडवे कोपर

आज माझ्या भाचीने, मुक्ताने, माझ्या आणि तिच्या कागदाच्या मध्ये कोपर आडवे धरले. एवढेच घडले, पण दुपारपासून ते माझ्या मनातून जात नाही.

भाऊ दाजी लाड संग्रहालयात सुट्टीतल्या कौटुंबिक कार्यशाळेला आम्ही दोघीच गेलो होतो. दादा येणार नव्हताच. त्याविषयी आज लिहायचे नाही. सुरुवातीला सर्वांना बागेतल्या दगडी हत्तीपाशी नेले. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हटले, तोच हा हत्ती. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी (क्रेन) तुटली आणि त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते तुकडे जोडून त्याला पुन्हा उभे करण्यात आले. ही हकिकत ऐकताना मुक्ता माझा हात धरून उभी होती, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

मग आत येऊन काळा घोटीव कागद हाताने फाडायचा आणि ते तुकडे चिकटवून आपापला हत्ती जोडायचा, असे काम मिळाले. मोठ्यांनाही वेगळा कागद दिला होता. मी तिच्याकडे पाहिले, तेवढ्यात ते कोपर आडवे आले.

वर्गात शेजारचा आपले पाहून काढील म्हणून आम्हीही असेच कोपर धरत असू. पण मी तिचे पाहून काढणार नव्हते, हे तिला ठाऊक आहे. मागच्या सुट्टीपर्यंत ही मुलगी प्रत्येक रेघ ओढली की “आत्या, बरोबर आहे का?” असे विचारत धावत येई आणि मी सांगेपर्यंत पुढची रेघ ओढत नसे. इतक्या विश्वासाने मला दुसऱ्या कुणीच काही विचारत नाही. आज तिने पूर्ण झालेला हत्तीसुद्धा आधी कार्यशाळा घेणाऱ्या ताईंना दाखवला, आणि मी तो इतर पालकांबरोबर, त्यांच्यामागे उभी राहून पाहिला. माझा कागद तिने पाहिलाच नाही. घरी परतताना बसमध्ये मला रडू येईल असे वाटत होते, आणि त्याचे कारण कुणाला सांगण्याजोगेही नव्हते.

तिचा हत्ती कागदात मावला नव्हता. सोंड वरच्या कडेबाहेर गेली होती आणि मागचा पाय खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर चिकटला होता. माझा हत्ती नेमका मधोमध, चारी बाजूंना सारखी जागा सोडून उभा होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांतल्या वस्तुचित्रासाठी आधी मध्यरेषा, मग बाह्यरेषा, मग छायाप्रकाश असे जे शिकले, ते माझ्या हातात मुरले आहे आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. त्या शिक्षणाने मला बघायला शिकवले. तरीही तो हत्ती अर्धवट असताना माझ्या नजरेला पडला असता, तर मी “जरा लहान कर” म्हटले असते आणि तिने तो लहान केला असता, हे लिहिताना मला नाकारता येत नाही.

नंतर आम्ही वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या प्रतिकृती पाहिल्या. पगड्या घातलेली माणसे, कारागीर, जुन्या मुंबईतले निरनिराळे समाज. मुक्ता एकेका काचेला नाक लावून मला काहीबाही विचारत होती. यांना कुणी केले, बोटे एवढी बारीक कशी जमली, पगडी आधी केली की डोके. बरोबर आहे का, एवढे मात्र तिने विचारले नाही. म्हणजे मी तिला नकोशी झालेली नाही. काम हातात असतानाच नको आहे. दुपारभर हा फरक मला दिसत नव्हता, आता दिसतो आहे. तो सुखाचा आहे असे मी म्हणणार नाही. पण पोर स्वतःच्या मताने काही करू लागली, की तिला मध्ये एवढी जागा लागणारच, आणि ती मागण्यासाठी तिच्याजवळ अजून शब्द नाहीत; कोपर आहे.

पुढच्या कार्यशाळेत मातीकाम आहे. जायचे का, असे तिनेच जेवताना विचारले. मी हो म्हटले आहे. तिथे गेल्यावर मी माझ्यासाठी वेगळा गोळा मागून घेईन आणि तिच्या शेजारी न बसता समोर बसेन. मला पगडीवाला माणूस करून बघायचा आहे. बोटे जमतील असे वाटत नाही, पण पगडी जमेल.