स्क्वांटोच्या पाठाचा दिवस

मॅसॅच्युसेट्समधील एका लहानशा ख्रिस्ती शाळेत मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. इतिहास आणि पवित्र शास्त्र यांची येथे फारकत केली जात नाही. प्रत्येक प्रसंगात देवाचा हात कोठे दिसतो, हे मुलांना विचारले जाते. माझा या इतिहासाशी घरचाही संबंध आहे. अहमदनगरच्या ज्या मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला ती अमेरिकन मराठी मिशनची, आणि १८१३ मध्ये मुंबईत या मिशनचा पाया घालणारे बोर्ड सतराव्या शतकात इंग्लंडहून येथे आलेल्या प्युरिटन पंथीयांचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्यांनी १८१० मध्ये याच राज्यात स्थापन केले होते.

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या आभाराच्या सणाआधीच्या आठवड्यात स्क्वांटोचा पाठ होता. टिस्क्वांटम हे त्याचे मूळ नाव. तो पटुक्सेट गावचा, वाम्पानोआग या येथील मूळ रहिवासी जमातीचा. १६१४ मध्ये टॉमस हंट या इंग्रज कप्तानाने त्याला इतर काही जणांबरोबर पकडले आणि स्पेनमधील मालागा येथे विकायला नेले. तेथून तो कसाबसा लंडनला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे सबंध गाव ओस पडलेले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजाने आलेल्या प्रवाशांनी त्याच जागी वस्ती केली आणि पहिल्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी जवळजवळ निम्मे दगावले. वसंतात उरलेल्यांना मका लावायला शिकवले ते स्क्वांटोने. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने आमच्या भल्यासाठी देवाने पाठवलेले साधन, असे त्याचे वर्णन केले आहे.

या पाठाला बायबलमधील योसेफाच्या, म्हणजे भावांनीच विकलेल्या तरुणाच्या, कथेची जोड द्यायची असा रिवाज आहे, आणि ती जुळतेही फार सहज: परदेशी विकला गेलेला तरुण आणि अखेर त्याच्याच हातून भुकेल्यांना अन्न. मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि मुले साम्ये सांगू लागली. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "पण मिस, योसेफाला त्याचे भाऊ भेटले, बाबाही भेटले. स्क्वांटोला कोण भेटलं?"

कोणीही नाही, असे मी सांगितले. त्यावर दुसऱ्या एका मुलाने विचारले, "मग यांना शेतं मिळावीत म्हणून देवाने ती सगळी माणसं मारली का?"

हा प्रश्न बालिश मुळीच नव्हता. १६३४ मध्ये देवीच्या साथीनंतर मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा प्युरिटन नेता जॉन विन्थ्रॉप याने त्याला होकारार्थी उत्तर देऊन ठेवले आहे: मूळ रहिवासी बहुतेक मेले, तेव्हा या भूमीवरील आमचा हक्क प्रभूने मोकळा केला, असा त्याच्या पत्राचा आशय आहे. विन्थ्रॉप धर्मशील होता यात मला शंका नाही, म्हणूनच ते पत्र मला अधिक खटकते. मुलांना मी बायबलमधील दुःखग्रस्त ईयोबाच्या मित्रांची आठवण करून दिली. दुसऱ्याच्या दुःखामागचे देवाचे कारण त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, आणि देवाचा कोप झाला तो त्यांच्यावरच. मग योसेफाची कथा सांगणाऱ्या उत्पत्ती या पुस्तकाचा पन्नासावा अध्याय आम्ही पुन्हा वाचला. तुम्ही वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले, हे तेथे कोण म्हणतो, असे विचारताच वर्ग एका सुरात म्हणाला, "योसेफ!" ज्याने सोसले तोच ते म्हणतो, धान्य मिळालेले भाऊ नव्हे. स्क्वांटो त्याबद्दल काय म्हणाला असता, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

त्यानंतर मुलांनी त्या प्रवाशांची कसून उलटतपासणीच आरंभली. नोव्हेंबर १६२० मध्ये केप कॉडला उतरल्यावर त्यांनी तेथील लोकांचा जमिनीत पुरून ठेवलेला मका उकरून नेला, हे सांगताच ‘चोरी करू नको’ ही आठवी आज्ञा पुढे आली. सुमारे सहा महिन्यांनी त्यांनी मालकांची भरपाई केल्याचे ब्रॅडफर्ड लिहितो, असे मी सांगितले. पण बायबलमधील जकातदार जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करायचे कबूल केले होते, यांनी किती दिले, यावर घंटा होईपर्यंत वाद चालला.

शाळा सुटल्यावर एका मुलीचे वडील भेटले. सात वर्षांच्या मुलांना हे सारे झेपते का, असे त्यांनी सौम्यपणे विचारले. पूर आला आणि तारवाबाहेरचे सगळे बुडाले, हे आपण त्यांना याहून लहान वयात सांगतो, असे मी म्हणाले. ते हसले, पण त्यांचे पूर्ण समाधान झाले असे मला वाटत नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात नोव्हेंबरचा पहिला पाठ पटुक्सेटचा असतो. मेफ्लॉवर त्यानंतर येते.