मोटार वाइंडिंगच्या दुकानातून सोलरकडे : आमची वाटचाल

वडिलांनी दर्यापूर रोडला दुकान टाकलं ते मोटार वाइंडिंगचं. अंजनगाव साइडचे ओलितवाले शेतकरी जळालेल्या मोटारी घेऊन यायचे, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड आला की व्होल्टेज पडायचं आणि मोटार जळायची, रब्बीत तर रात्री उशिरापर्यंत तांब्याच्या तारेचे वेढे घालणं सुरू राहायचं. मग लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टर-बॅटरी विकायला लागलो आणि बॅटरीत पाणी टाकायला गावोगाव फिरलो, त्यातून कोणाच्या घरची वायरिंग कशी, कोणाची अर्थिंग नुसती नावाला, कोणत्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज किती, हे सगळं पाठ होत गेलं. सोलरमध्ये आम्ही टिकलो ते याच माहितीवर. पॅनल काय, कोणीही आणून देते.

सुरुवातीला लोक यायचे ते बिलाचा वैताग घेऊन. फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली आणि चौकशी एकदम वाढली, कारण हिशोब सोपा झाला. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी, त्याच्या वर कितीही लावा तरी ७८,०००च. मग प्रत्येकजण म्हणे ३ किलोवॅटच लावून द्या. आम्ही आधी वर्षभराची बिलं मागतो. १ किलोवॅट आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देते, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास, आणि जागा लागते साधारण १०० चौरस फूट, सावली नसलेली. ज्याचं बिल महिन्याला १०० युनिटच्या आत येते त्याला १ किलोवॅट पुरे आहे, त्याला ३ चं गळ्यात मारणं मला पटत नाही. आणि ज्याच्याकडे दोन कूलर, फ्रीज, बोअरची मोटार आहे त्याचा फायदा खरा मोठा, कारण आपल्या बिलात जसे युनिट वाढतात तसा दराचा स्लॅब (टप्पा) महाग होत जाते आणि सोलरचं युनिट सगळ्यात आधी तो वरचा महागडा स्लॅबच कापते. स्थिर आकार मात्र येतच राहते, बिल झिरो होते असं आम्ही कोणालाच सांगत नाही.

विदर्भात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "भाऊ, आपल्याकडं ऊन एवढं तापते, तं मे महिन्यात बिजली डबल बनत असन न?" नाही बनत. पॅनलला लागते तो उजेड, उष्णता नव्हे. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेल २५ डिग्रीला असतानाचे असतात, आणि साध्या मोनो पॅनलचं उत्पादन त्याच्यावर दर डिग्रीमागे साधारण ०.३५ टक्के घसरते. मे मध्ये भर दुपारी पॅनल ६५ डिग्रीला जाते, म्हणजे १४ टक्के तिथंच गेले. म्हणून आम्ही पॅनल छताच्या स्लॅबला चिकटवून बसवत नाही, खालून हवा खेळली पाहिजे. बहुतेक घरी सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर करतो, मग बायांना खाली कुरड्या-पापड वाळवायला जागा मोकळी राहते, उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांची अडचण होत नाही, आणि स्लॅबवर सावली पडल्यामुळे खालची खोली कमी तापते. हा फायदा कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसते पण घरची माणसं सगळ्यात आधी तोच सांगतात. उंच स्ट्रक्चरला वादळाचा धोका आहेच, त्यामुळे लोखंड आणि अँकर बोल्ट यात आम्ही पैसा वाचवत नाही, गिऱ्हाईक हलकं मागत असलं तरी.

दुसरी गोष्ट तोंडावर सांगतो, लाइन गेली की साधं ऑनग्रिड (लाइनला जोडलेलं, बिनबॅटरीचं) सोलर पण बंद पडते. ऊन असलं तरी. कारण तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकते, म्हणून इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारा डबा) स्वतःच बंद होते. ज्याला लाइन गेल्यावरही पंखा पाहिजे त्यानं हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी, खर्च वाढते, बॅटरीची वेगळी सबसिडी नाही. हे आधीच बोलून घेतलं की नंतर गावात आपलं नाव राहते.

घराचं आणि कॉलेजचं गणित पूर्ण वेगळं आहे, हे आम्हाला एका कॉलेजच्या पहिल्या मोठ्या कामातच समजून घ्यावं लागलं. घरी दिवसा पोरं शाळेत, मोठे वावरात, वीज बनते दुपारी आणि खपते रात्री, त्यामुळे सगळा भार नेट मीटरिंगवर, म्हणजे बाहेर दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होतात, उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशोब. कॉलेजमध्ये उलट, पंखे, कॉम्प्युटर, लॅब, पाण्याची मोटार सगळं साडेनऊ ते पाच, म्हणजे वीज बनली की तिथंच वापरली. मे मध्ये वर्ग बंद असतात तेव्हा युनिट बाहेर जातात आणि खात्यात जमा होतात. १०० किलोवॅट बसवलं तर महिन्याला १२,००० च्या घरात युनिट. घरवाली सबसिडी कॉलेजला लागू नाही, त्यामुळे संस्थेनं स्वतः पैसे लावायचे किंवा एखाद्या कंपनीला छत देऊन तिच्याकडून ठरलेल्या दरानं युनिट विकत घ्यायचे, पण तो करार १५ ते २५ वर्षांचा असते, सह्या करायच्या आधी ओळ न ओळ वाचा. आणि सोलरची क्षमता कनेक्शनच्या मंजूर भारापेक्षा (वीज कंपनीनं मंजूर केलेल्या किलोवॅटपेक्षा) जास्त घेता येत नाही, हे वायरिंगचं एस्टिमेट करायच्या आधी पहावं लागते.

छत पुरलं नाही म्हणून त्या कॉलेजच्या कॅम्पसमधल्या मोकळ्या जागेतही पॅनल घेतले, तिथं खरी कसोटी होती काळ्या मातीची. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवरचा पाया घातला तर दोन पावसाळ्यात खांब कलते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल गेलो. अर्थिंगचंही तसंच, माती वाळली की रेझिस्टन्स वाढते, त्यामुळे एप्रिलमध्ये मोजणी केल्याशिवाय आम्ही अर्थिंग ओके म्हणत नाही, पावसाळ्यातलं रीडिंग धरायचंच नाही.

अकोल्याचं कृषी विद्यापीठ किंवा अमरावतीचं विद्यापीठ असे मोठे परिसर पाहिले की माझं लक्ष आधी छपरांवर जाते. कोराडी, चंद्रपूरच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची राख आणि धूर विदर्भानंच सोसलाय, ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाते, मग एवढी छपरं रिकामी कशाला तापू द्यायची? शिवाय तिथं इलेक्ट्रिकलचे पोरं शिकतात, त्यांना इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर रोजचा ग्राफ पाहायला मिळाला, ढग आला की तो कसा खाली पडते हे दिसलं, तर ते पुस्तकापेक्षा पक्कं बसते. आमच्याकडे काम करणारे सगळे पोरं गावातलेच आयटीआयवाले आहेत, पुण्याला न जाता इथंच हाताला काम आहे, याचा मला लय आनंद आहे.

देखभाल म्हणजे मुख्य धुणं. सोयाबीनच्या सीझनला थ्रेशरची धूळ आणि जिनिंगजवळ असाल तर कापसाची रुई, दोन्ही काचेवर बसतात. पहाटे धुवा, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नका, आणि खारपाणपट्ट्यात (जिथं जमिनीतलं पाणी खारट आहे) बोअरचं पाणी तर अजिबात वापरू नका, वाळलं की पांढरा थर बसते आणि तो निघता निघत नाही. नळाचं पाणी, मऊ फडकं, बस.

दुकानात येताना १२ महिन्यांची बिलं आणा, आणि मोबाइलमध्ये छताचे दोन फोटो, एक सकाळी नऊचा, एक दुपारी चारचा, म्हणजे शेजारच्या कडुनिंबाची सावली कुठपर्यंत येते ते तिथंच बसून पाहता येईल.