चारशे वाचकांचं मासिक कसं चालवायचं

डॉ. आंबेडकरांचं पाक्षिक 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालं. त्यामागे शाहू महाराजांची २५०० रुपयांची मदत होती. त्याच वर्षी कोल्हापूरशेजारच्या किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, कारखान्याचं घरचं पत्र म्हणून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आपला वाचक कोण आणि त्याला आपल्याकडून काय पाहिजे, हे दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. आज ऑनलाइन मासिक काढायला छापखाना लागत नाही आणि कागदाचा भावही विचारावा लागत नाही. म्हणूनच बहुतेक जण 'कोल्हापूरची संस्कृती, खाद्यसंस्कृती, पर्यटन आणि बरंच काही' असं भलंमोठं ताट वाढतात आणि चौथ्या अंकाला थांबतात. 'बरंच काही' वाचायला मुद्दाम कुणी येत नाही.

त्यापेक्षा गुऱ्हाळवाल्यांचं मासिक काढा. फाउंड्रीतल्या मोल्डरचं, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याचं काढा. पेठांच्या फुटबॉलचं, चपलेच्या कारागिरांचं, हुपरीच्या चांदीकामाचं, मसाई पठारावर फुलं शोधत फिरणाऱ्यांचं काढा. चारशे वाचक मिळाले तरी ते चारशे खरे असतात. विषय पुरेल का, हे तपासायची रीत सोपी आहे. एका बैठकीत चोवीस लेखांची शीर्षकं लिहून काढा. प्रत्येक शीर्षकात एक तरी वस्तू, माप किंवा बिघाड आला पाहिजे. 'गुळाचे महत्त्व' हे शीर्षक नव्हे. 'खोडव्याच्या उसाचा गूळ मऊ का पडतो' हे शीर्षक (खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस). बाराव्या नंबरलाच अडलात तर विषय अजून तुमच्या हातात आलेला नाही.

नाव मासिक असलं तरी दर महिन्याला अंक काढायची सक्ती करून घेऊ नका. गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला थंडावतात. फुटबॉलचा हंगाम पावसाआधी संपतो. पन्हाळा ते पावनखिंड चालणारे जुलैत जागे होतात. हंगामात दर आठवड्याला छोटा लेख आणि बाकी वर्षात दोन मोठे अंक, हे गणित जमतं. हंगामाच्या तीन आठवडे आधीचा अंक सर्वांत जास्त वाचला जातो, कारण तेव्हा लोक काहिली (रस उकळायच्या मोठ्या कढया) घासत असतात, चुलवाण (त्यांची चूल) लिंपत असतात, जुन्या चुका आठवत असतात. ऐन हंगामात त्यांना वाचायला वेळ नसतो. तेव्हा फक्त 'हे बिघडलं तर काय करायचं' एवढंच चालतं.

आता लेखाच्या आत शिरू. अशा मासिकाचा वाचक संपादकापेक्षा जास्त जाणतो, ही गोष्ट रोज डोक्यात ठेवावी लागते. समजा, गूळ कधी उतरवायचा यावर लेख आला आणि त्यात 'पाक ११८ अंश सेल्सिअसला आला की काहील उतरवा' असं लिहिलंय. आकडा चुकीचा नाही, पण तो बऱ्याचदा समुद्रसपाटीच्या हिशेबाचा असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे आणि इथं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. म्हणजे इथं काट्यावर ११८ येईपर्यंत थांबलात तर पाक दोनेक अंश पुढे गेलेला असतो, कडा करपतात आणि रंग काळपटतो. म्हणून लेखात आधी हे लिहायचं: थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरा, किती दाखवतो ते टिपा, शंभरातून जेवढं कमी भरेल तेवढं पुस्तकातल्या आकड्यातून वजा करा. आणि थर्मामीटरचं टोक काहिलीच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर तुम्ही पाक सोडून पत्र्याचं तापमान मोजाल. त्याच्या शेजारी गुळव्याची, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराची जुनी परीक्षाही द्या: पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा आणि बोटांनी वळून गोळी होते का बघायचं. दोन्ही एकाच वेळी जुळलं तर वाचकाचा तुमच्यावर विश्वास बसतो.

अशा लेखाबरोबर एक चौकट ठरलेली असावी आणि ती भरल्याशिवाय लेख घ्यायचाच नाही: उसाची जात, लागण (नव्याने लावलेला) की खोडवा, तोडून किती तास झाले, रसाचा ब्रिक्स (साखरेचं प्रमाण), एका आदणाला (एका वेळच्या उकळीला) किती लिटर रस, चुना घालण्याआधीचा आणि नंतरचा सामू (पीएच), रस स्वच्छ करायला भेंडीचं पाणी किती, उतरवतानाचं तापमान. लेखक म्हणतील, एवढं कशाला? कारण गूळ बसला नाही, म्हणजे घट्ट झाला नाही, तर दोष कुठं आहे हे याच चौकटीत सापडतं. तोडलेला ऊस दिवसभर उन्हात पडला तर साखरेची फोड होते आणि गूळ चिकट राहतो. चुना कमी पडला तरी तेच होतं. चुना जास्त झाला तर गूळ बसेल, पण रंग जातो. खारवट जमिनीच्या उसाला कितीही चुना घाला, चव सुधारत नाही. 'गूळ नीट झाला नाही' या एका वाक्यात चार वेगळी दुखणी आहेत, आणि चौकट नसेल तर वाचकांची भांडणं लागतात. मापांबाबतही तसंच. 'एक डबा चुन्याचं पाणी' लिहून आलं तर डबा किती लिटरचा आणि त्यात चुना किती ग्रॅम, हे फोन करून विचारा. हातकणंगल्याचा डबा आणि राधानगरीचा डबा एकच असेल असं नाही.

तरीही चुका होणारच. चूक सापडली की मजकूर गुपचूप बदलू नका. लेखाच्या वरच, पहिल्या ओळीच्या आधी, तारीख टाकून लिहा की अमुक ठिकाणी अमुक आकडा होता, तो आता असा केला आहे. खाली तळटीपेत लपवलेली दुरुस्ती कुणी वाचत नाही, आणि जुन्या आकड्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतच राहतो.

फुटबॉलच्या मासिकाची गोष्ट वेगळी. तिथं माहितीपेक्षा नोंद महत्त्वाची. तारीख, मैदान, स्पर्धा, दोन्ही संघांची पूर्ण नावं, गोल कुणाचा आणि कितव्या मिनिटाला, कार्डं, बदली खेळाडू. संघाचा 'अ' की 'ब' हे विसरलात तर पुढच्या वर्षी आकडेवारी कामाची राहत नाही. टायब्रेकरचे गोल सामन्याच्या गोलात मिसळायचे नाहीत, ते वेगळ्या रकान्यात लिहायचे. '१-१ (४-३)' असं एकाच खान्यात लिहिलं की वर्षाअखेरीची बेरीज हमखास चुकते. आणि फोटो मोजून लावा. एका पेठेचा फोटो दोन बोटं मोठा झाला तर त्याची चर्चा सामन्यापेक्षा जास्त चालते, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको.

फोटोंचं काम मात्र फाउंड्रीवाल्यांकडून शिकावं. कास्टिंगमधला (धातू ओतून केलेल्या भागातला) दोष समोरून फ्लॅश मारून काढला तर सगळंच करडं दिसतं. टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे खड्ड्याची सावली पडते. शेजारी स्टीलची पट्टी ठेवा. एक फोटो पूर्ण जॉबचा आणि एक जवळून. शक्य असेल तर जॉब कापून आतला भाग दाखवा, कारण ब्लोहोलची (वायूने पडलेल्या पोकळीची) आतली भिंत गुळगुळीत आणि चकचकीत असते, तर श्रिंकेजची (धातू आकसून पडलेल्या पोकळीची) खडबडीत. बाहेरून बघून दोघांची गल्लत होते. वाळूत ओल जास्त म्हणून आलेला दोष फीडर (आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारा साठा) वाढवून जात नाही. गल्लत झाली तर वाचक महिनाभर भलत्याच जागी दुरुस्ती करत बसतो.

हे फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं सांगा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि पट्टीवरचे मिलिमीटर पुसतात. पण त्यात एक खोच आहे. डॉक्युमेंट म्हणून आलेल्या फाइलमध्ये फोटो कुठं काढला त्याचे अक्षांश-रेखांश तसेच राहतात. कास्टिंगच्या बाबतीत हरकत नाही. पण पठारावरचं दुर्मिळ कंदीलपुष्प किंवा राधानगरीच्या जंगलातलं घरटं असेल तर प्रकाशित करण्याआधी ते ठिकाण फाइलमधून काढून टाका आणि लेखातही 'पश्चिम घाट, कोल्हापूर जिल्हा' एवढंच लिहा. कंद उपटून नेणारेही मासिक वाचतात.

मजकूर टाइप करण्यात सर्वांत जास्त वेळ जातो, आणि इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. 'ॲ' हे एक अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक कोडयादीत आहे. ते न वापरता 'अ' वर चंद्र देऊनही तसंच दिसणारं अक्षर बनतं. दिसायला जुळं, पण आतला कोड वेगळा. अर्धे लेखक एक वापरतात, अर्धे दुसरं, आणि मग 'ॲल्युमिनियम' शोधलं की निम्मेच लेख सापडतात. 'गुऱ्हाळ' मधल्या अर्ध्या ऱ चंही तेच. तो दोन पद्धतींनी टाइप होतो, आणि साधा अर्धा र टाइप केला तर ह वर रफार चढून 'गुर्हाळ' होतं. एक पद्धत ठरवा आणि प्रत्येक लेख आल्यावर 'शोधा आणि बदला' चालवा. विसर्ग आणि अपूर्णविराम यांचीही अदलाबदल होते. 'वेळः' असं लिहिलेलं मराठी वेबवर जागोजागी दिसतं.

जुना मजकूर श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर वेलांटी व रफार यांवरून डोळा फिरवावाच लागतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे जोडाक्षरांत ती शेजारच्या अक्षरावर सरकते. 'स्थिती' आणि 'आर्थिक' हे शब्द आधी तपासा. ते बरोबर आले तर बाकीचं बहुधा ठीक असतं.

दिसण्याबद्दल थोडक्यात. पानाची भाषा 'मराठी' अशी कोडमध्ये नोंदवा. दोन्ही आकार असलेले फॉन्ट त्यावरूनच आपले ल आणि श दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त ठेवा, उकार आणि मात्रा एकमेकांना भिडत नाहीत. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरकी अक्षरं देवनागरीत शोभत नाहीत. अंक पीडीएफमध्येच द्यायचा असेल तर ए-फोर पान विसरा. फोनवर दोन बोटांनी ताणत वाचणारा माणूस दुसऱ्या पानाला सोडतो.

लिंकमध्ये मराठी शब्द ठेवायचा मोह होतो. 'गुऱ्हाळघर' या शब्दात अक्षरं, काना, उकार, हलन्त वेगळे मोजले तर नऊ खुणा आहेत. लिंक कॉपी झाली की प्रत्येक खुणेची नऊ अक्षरं होतात, म्हणजे एका शब्दाची ८१. ग्रुपवर ती टक्केचिन्हांची माळ बघून लोकांना व्हायरस वाटतो. लिंकमध्ये नुसता अंक आणि लेख क्रमांक ठेवा. लिंकबरोबर दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं आणि ३०० केबीच्या आत असू द्या. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. 'आम्हाला अंक आला नाही' या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.

लेखकाशी दोन ओळींचा का होईना, लेखी करार करा. आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मासिकाला सगळे हक्क लागतही नाहीत. 'जगभर ऑनलाइन प्रसिद्ध करण्याची आणि संग्रहात कायम ठेवण्याची परवानगी, बाकी हक्क लेखकाचे' एवढं पुरतं. फोटो लेखकाने काढलेला नसेल तर फोटोवाल्याची परवानगी वेगळी घ्या.

पैशाचं फार लांबवण्यासारखं नाही. छोट्या मासिकाला जाहिरात मिळते ती काहिली बनवणाऱ्याची, वाळूच्या पुरवठादाराची, बूट-जर्सीच्या दुकानाची. पथ्य एकच: ज्याची जाहिरात आहे त्याच्या मालाची चाचणी त्याच अंकात छापू नका.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा घ्यावा लागतो. त्यानं नावावर मालकी येत नाही, पण ग्रंथालयाच्या यादीत जागा मिळते. दर वर्षाअखेरीला सगळे लेख आणि मूळ फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, आणि फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. आणि डोमेन (वेबसाइटचा पत्ता) कुणाच्या ईमेलवर नोंदलंय ते आजच बघा. ते वेबसाइट करून देणाऱ्या भाच्याच्या ईमेलवर असेल, आणि भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला असेल, तर मुदत संपल्याचा निरोप त्याच्या न उघडलेल्या मेलमध्ये पडून राहतो.