‘मशीनमध्ये दोष आढळला नाही’

माझ्या शिलाई मशीनच्या खणात तीन पावत्या जपून ठेवल्या आहेत आणि तिन्हींवर एकच शेरा आहे : ‘मशीनमध्ये दोष आढळला नाही.’ चीड आणणारी गोष्ट ही की हा शेरा खोटाही नव्हता.

मुलगी श्रावणात बाळंतपणासाठी माहेरी येणार होती आणि आईच्या दोन जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्यांची गोधडी तिच्या बाळासाठी शिवायची, असे मी संक्रांतीलाच ठरवले होते. हाताने धावदोरा घालण्याइतकी नजर आता राहिली नाही, म्हणून मशीनला वॉकिंग फूट लावून शिवण्याचा बेत केला. फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग. साध्या फूटाखाली कापड फक्त खालच्या दात्यांनी सरकते. दोन लुगडी आणि मधला कापसाचा थर अशी जाडी असली की खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे रेंगाळतो आणि ओळीच्या शेवटी चुणी पडते. वॉकिंग फूटला स्वतःचे वरचे दाते असतात. त्याच्या बाजूचा दुभंगलेला काटा सुई धरणाऱ्या स्क्रूच्या दांड्यावर बसवायचा असतो. सुई वर गेली की काटाही वर जातो आणि वरचे दाते कापडावर टेकून खालच्या दात्यांच्या जोडीने ते मागे नेतात, सुई कापडात उतरली की ते उचलले जाऊन पुन्हा पुढे येतात.

पहिला फूट मी नागपूरच्या इतवारी बाजारातून चुकीचा आणला. मशीनचा फूट खाली टेकवून, त्याच्या तळापासून तो बसवण्याच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजायला हवे होते. ते पाऊण इंचाच्या आसपास असेल तर मशीन लो शँक, म्हणजे फूट बसवायचा दांडा आखूड असलेले, सव्वा इंचाच्या आसपास असेल तर हाय शँक, म्हणजे तो लांब असलेले. दुसरा बरोबर मिळाला आणि पंधरा दिवस गोधडी लोण्यासारखी सरकत होती.

मग मला दुर्बुद्धी झाली आणि पावसाळ्याआधी मशीन सर्व्हिसिंगला दिले. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पाऊल टाकणे ही शिक्षा असते, तरी मी ऑटोत मशीन मांडीवर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठले. चार दिवसांनी मशीन स्वच्छ होऊन आले, आवाजही गोड झाला होता, परंतु गोधडीच्या पहिल्याच ओळीच्या शेवटी वरच्या लुगड्याची बोटभर घडी गोळा झाली. मी दोऱ्याचे टेन्शन, म्हणजे ताण, बदलले, सुई बदलली, टाका तीन मिलिमीटरपर्यंत लांब केला, दाबाचा स्क्रू सैल केला. घडी जिथल्या तिथे राहिली.

काउंटरवरच्या मुलाने संगणकात तक्रार नोंदवायला घेतली तेव्हा खरा खोळंबा सुरू झाला. त्याच्यासमोर चार-पाच ठरलेले पर्याय होते : मोटर, आवाज, दोरा तुटणे, टाका सुटणे आणि इतर. माझी तक्रार यांपैकी पहिल्या चारांत कुठेच बसत नव्हती, म्हणून मी ‘इतर’ लिहा म्हटले. “मॅडम, इतर टाकलं तर सिस्टम पुढं जात नाही,” असे म्हणून त्याने ‘टाका सुटणे’ लिहिले. माझा एकही टाका सुटत नव्हता, हे मी दोनदा सांगितले. पाच दिवसांनी मशीन परत आले. टाका सुटत नव्हता, त्यामुळे दोष आढळला नाही.

दुसऱ्या वेळी मी गोधडीचा चुणलेला कोपराच सोबत नेला आणि वॉकिंग फूटही मशीनला लावलेला ठेवला. आतून आलेल्या कारागिराने तो फूट काढून माझ्या हातात दिला, कारण तो बाहेरून घेतलेला असल्यामुळे त्याची तपासणी ते करत नाहीत. नंतर आपला साधा फूट लावून त्याने पातळ सुती कापडाची दुहेरी घडी शिवून दाखवली आणि सरळ, सुबक ओळ माझ्यासमोर धरली. दुखते गुडघा आणि तपासतात घसा, अशातला तो प्रकार होता. तिसऱ्या खेपेला मशीन आठ दिवस तिथे पडून राहिले, मी रोज फोन केला, रोज ‘उद्या’ असे उत्तर मिळाले आणि शेवटी तिसरी पावती हाती आली. एव्हाना मृग लागून गेला होता, मुलीचे तिकीट काढून झाले होते आणि गोधडीच्या अकरा ओळी उसवाव्या लागल्या होत्या.

त्या रात्री रागाच्या भरात मी जे केले, ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. मशीनचा प्लग काढला, दिवा जवळ घेतला आणि चाक हाताने, आपल्या बाजूला, अगदी सावकाश फिरवून फूटाकडे पाहत राहिले. सुई वर-खाली होत होती आणि वरचे दाते मात्र जागचे हलत नव्हते. काटा कशावर बसला आहे हे पाहायला वाकले, तर तो कशावरच बसलेला नव्हता. सुई धरणारा स्क्रू आखूड होता, पेचकसाने आत घट्ट बसणारा, बाहेर जेमतेम डोके दिसणारा. पूर्वीचा स्क्रू बोटांनी फिरवता येईल इतका लांब होता. सर्व्हिसिंगमध्ये तो बदलला गेला, आणि काट्याला टेकायला दांडाच उरला नाही. मशीन निर्दोष होते, फूटही निर्दोष होता. बिघाड दोघांच्या मधल्या अर्ध्या इंचात होता.

महाल भागातल्या एका बोळात जुन्या मशीन दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकदाच पाहिले आणि म्हणाले, “ताई, हा स्क्रू तुमच्या मशीनचा नाही जी. काहून बदलला?” डब्यातून आटे जुळणारा लांब स्क्रू शोधून बसवायला त्यांना पाच मिनिटे लागली आणि त्यांनी पंधरा रुपये घेतले. मी वीस दिले.

काकांनी तेव्हाच वॉकिंग फूट उलटा करून दाखवला. त्याच्या दात्यांमध्ये कापसाचा भुगा नमद्यासारखा घट्ट बसला होता. तो फुंकर मारून काढू नये, आत जातो. बारीक ब्रशने ओढून बाहेर काढावा आणि त्याच बैठकीत निडल प्लेट, म्हणजे सुईखालची पत्र्याची पट्टी, उघडून खालचे दातेही साफ करावेत. कापूस भरलेल्या गोधडीला हे दर दोन-तीन बॉबीननंतर करावे लागते. तेल द्यायचे तर मशीनच्या पुस्तिकेत सांगितले असेल तिथेच, आणि मशीनचेच. आमच्या शेजारणीने खोबरेल वापरले होते. ते 24 अंशांच्या खाली गोठते, आणि नागपूरच्या जानेवारीतल्या सकाळी कशा असतात हे वेगळे सांगायला नको. तिचे मशीन जानेवारीभर जाम होते.

काट्याच्या धक्क्यांनी सुईचा स्क्रू हळूहळू सैल होतो, म्हणून तो आणि फूटाचा स्क्रू दोन्ही बोटांनी नव्हे, तर पेचकसाने आवळावेत. फूट खाली घसरला तर सुई त्यावर आदळून तुटते. वॉकिंग फूटने उलटी शिलाई करू नये, दोऱ्याची टोके लांब सोडून हातसुईने थरांत लपवावीत. वेगही निम्माच ठेवावा.

हे मघाशीच लिहायचे राहिले : वेलबुट्टीसाठी, कापड हाताने हवे तसे फिरवू देणारा डार्निंग फूट लावला आणि खालचे दाते उतरवले की फूट कापडावर टेकल्यासारखा वाटत नाही, त्यामुळे फूट वर-खाली करायची दांडी खाली केली आहे की नाही हे विसरायला होते. दांडी वर राहिली तर टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि कापडाखाली दोऱ्याचे घरटे तयार होते. माझी दोन घरटी कात्रीने कापावी लागली.

लांब स्क्रू बसल्यावर उरलेल्या ओळी मी सहा संध्याकाळींत पूर्ण केल्या, मधून बाहेरच्या बाजूला, एकही घडी न पडता. पुढची सर्व्हिसिंग दिवाळीनंतर आहे. मशीन देण्यापूर्वी सुईच्या भागाचा जवळून फोटो काढून ठेवणार आहे, आणि पावतीवर स्क्रूची लांबी लिहून त्याखाली त्या मुलाची सही घेणार आहे, सिस्टम पुढे जावो किंवा न जावो.