तुम्ही विचारलंत म्हणून: शर्यत नाही, तर मग एवढी तयारी कशाला?

“शर्यत नाही, बक्षीस नाही, येणारे सगळे हौशी. मग एका सायकल राइडसाठी एवढी तयारी कशाला लागते?” प्रत्येक राइडच्या आधी कोणी ना कोणी मला हे विचारतंच. कोणाला आपल्या गटाची राइड भरवायची असते, कोणाला खरोखरच कोडं पडलेलं असतं. उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगून भागत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मोठ्या शर्यतींसाठी रस्ता बंद करतात. आपल्या राइडला तो सगळ्यांसाठी चालूच असतो. ट्रक जाणार, दुचाक्या जाणार, कोणी रुग्णाला घेऊन घाईत निघालेलं असणार, आणि त्या सगळ्यांचा रस्त्यावर आपल्याइतकाच हक्क आहे. सायकलस्वारांना सावध करायला आणि वळण दाखवायला चौकात आपला मार्शल म्हणून उभा असतो तो एरवी कुठेतरी नोकरी करणारा, सुट्टीची झोप सोडून आलेला माणूस. तो मनापासून आलेला असतो, पण त्यामुळे त्याला वाहतूक हाताळता येते असं होत नाही. बहुतेक ठिकाणी त्याला गाड्या थांबवण्याचा कायदेशीर अधिकारही नसतो, तो पोलिसांचा असतो. आमच्या तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ एकाच गोष्टीत जातो: या माणसाला जे पेलणार नाही, ते त्याच्यावर येऊच नये अशी राइड आखायची.

याची सुरुवात मार्गापासून होते. वाहतूक डावीकडून चालते तिथे खरा धोका उजव्या वळणाचा, कारण समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडाव्या लागतात. म्हणून गोल मार्ग असेल तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने लावायचा. बहुतेक वळणं आपोआप डावी होतात. उजवीकडून वाहतूक असेल तिथे याच्या बरोबर उलट. एवढ्या एका निर्णयाने कितीतरी अवघड चौक यादीतून गळतात आणि तिथे माणूस उभा करण्याचा प्रश्नच उरत नाही. पहाटेच्या राइडमध्ये मी सूर्याचाही विचार करते. उगवत्या सूर्याकडे तोंड करून सायकलस्वार चालले असतील, तर मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवरही तेच ऊन असतं, आणि नेमके पुढचे सायकलस्वार त्याला दिसत नाहीत. अशा वेळी पूर्वेकडे जाणारा पट्टा ऊन वर चढल्यानंतर येईल अशा बेताने सुरुवातीची जागा बदलायची.

मार्गाची पाहणी सायकलवरूनच करायची, आणि राइडच्याच वारी, राइडच्याच वेळेला. मोटारीतून जाताना वळणावरची बारीक खडी जाणवत नाही, चाकाच्या दिशेने बसवलेली गटाराची जाळी दिसत नाही, उतार संपताच आलेला गतिरोधकही फारसा जाणवत नाही. तिरक्या जाणाऱ्या रेल्वेरुळांवर ओलं चाक घसरतं; रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावे लागतात, आणि ते सांगायला तिथे पाटी लागते. रस्त्यावर रंगवलेले पांढरे पट्टेही पावसात निसरडे होतात. पाहणीत सापडलेली प्रत्येक गोष्ट नोंदवायची आणि तिथे मार्शल लागेल का, पाटी पुरेल का, की मार्गच बदलावा, हे ठरवायचं. मार्ग बदलणं शक्य असेल तर मी नेहमी तेच निवडते. देखणा घाटरस्ता सोडून द्यावा लागतो तेव्हा गटातले लोक नाराज होतात. होऊ देत.

आता मार्शलबद्दल जरा जास्त लिहिते, कारण नव्याने राइड भरवणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. धोक्याच्या जागी माणूस उभा करून उपयोग नाही, तो आधी हवा. उतारावर ताशी 45 किलोमीटर वेग सहज येतो, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. वळणाच्या शंभर मीटर आधी कोणी हात वर करून “हळू” म्हटलं, तर सायकलस्वाराला आठ सेकंद मिळतात. तोच माणूस वळणावरच उभा असेल तर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर चौपट होतं, आणि ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच्या एखाद-दुसऱ्या सेकंदात सायकल आणखी पुढे गेलेली असते. हे गणित मी प्रत्येक मार्शलला कागदावर करून दाखवते. एकदा ते पटलं की कुठे उभं राहायचं हे त्याचं त्यालाच कळतं.

दुसरी गोष्ट, “या, रस्ता मोकळा आहे” असं मार्शलने कधीही म्हणायचं नाही. मदत करावी याच भावनेने तो हे म्हणतो, पण ते ऐकून सायकलस्वार स्वतः बघायचं सोडतो. मागे वीस जणांचा गट असेल तर पहिल्यासाठी खरं असलेलं ते वाक्य पाचव्यासाठी खोटं ठरू शकतं. आमच्याकडे मार्शलने तीनच गोष्टी सांगायच्या: हळू, थांबा, आणि वळणाची दिशा. पुढे जायचं की नाही, हा निर्णय सायकलवरच्या माणसाचा. हे सुरुवातीच्या सूचनांमध्ये सायकलस्वारांनाही स्पष्ट सांगायचं, नाहीतर ते मार्शलच्या हाताकडे बघत चौकात शिरतात.

मार्शलने किती वेळ उभं राहायचं, हे ठरवतानाही भाबडेपणा चालत नाही. शंभर किलोमीटरच्या राइडमध्ये ताशी 30 ने जाणारा 3 तास 20 मिनिटांत पोचतो, ताशी 15 ने जाणाऱ्याला 6 तास 40 मिनिटं लागतात. म्हणजे शेवटच्या टप्प्यावरच्या माणसाला साडेतीन तासांच्या आसपास लक्ष देऊन उभं राहायचं आहे, आणि त्यातला बराच वेळ रस्ता रिकामा असणार आहे. इतका वेळ कोणाचंही लक्ष टिकत नाही. म्हणून लांबच्या टप्प्यांवर दोघं हवेत, सावली आणि पाणी हवं, मध्ये बदलीला माणूस हवा. तेवढी माणसं नसतील तर राइडच लहान करावी. नोंदणीचा आकडाही मी असाच ठरवते: आधी खात्रीचे स्वयंसेवक मोजायचे, आणि मग किती सायकलस्वार घ्यायचे ते. नोंदणी भरली की बंद. ओळखीतून आलेल्या शेवटच्या क्षणाच्या विनंत्याही नाही.

याला पूर्ण वेगळा मार्गही आहे, आणि तो मला मनापासून आवडतो. ओदाक्स क्लब पारिझियाँ या फ्रेंच सायकल क्लबच्या नियमांनी जगभर ब्रेव्हे होतात, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. त्यांत 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. सायकलस्वाराने आपलं पंक्चर, आपले दिवे, आपलं खाणं-पाणी स्वतः बघायचं. मागून मदतीची गाडी चालत नाही. अंधारात पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. क्रमांक लावत नाहीत. जबाबदारी सायकलस्वारावर असल्यामुळे थोडक्या स्वयंसेवकांत हे निभावतं. नवख्यांची राइड अशी चालवता येणार नाही, पण क्रमांक न लावण्याची गोष्ट तरी सगळ्यांनी उचलावी. ‘पहिले दहा’ अशी यादी लावली की साध्या राइडची शर्यत होते, तीही चालू रस्त्यावर.

गटात चालवण्याची सवय हा असाच एक विषय. पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने ओलांडून राहिलं आणि दोन्ही चाकं एकमेकांना घासली, तर बहुतेक वेळा मागचाच पडतो. म्हणून पंधरा-वीस जणांचे गट वेगाप्रमाणे करून काही मिनिटांच्या अंतराने सोडायचे, आणि अनोळखी माणसाच्या चाकाला चिकटून चालवू नका हे सांगायचं.

परवानगी आणि विमा यांबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही वेळेत करा, आणि विम्यात स्वयंसेवक धरलेत का ते वाचून बघा.

अपघाताची तयारी मात्र कागदावर शोभून चालत नाही. “अ‍ॅम्ब्युलन्स आहे ना?” असं सगळे विचारतात. माझा प्रश्न पुढचा असतो: ती एका जखमीला घेऊन रुग्णालयात गेली, तर उरलेल्या राइडचं काय? याचं उत्तर आदल्या आठवड्यात लिहून ठेवलेलं हवं. आम्ही प्रत्येक टप्प्याला क्रमांक देतो, म्हणजे घाबरलेला माणूससुद्धा फोनवर “सात आणि आठच्या मध्ये” एवढं सांगू शकतो. मोबाइलची रेंज कुठे जाते हे पाहणीतच नोंदवायचं आणि त्या पट्ट्यात मोटारसायकलवर फिरता माणूस ठेवायचा. हृदय बंद पडलं तर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते. अ‍ॅम्ब्युलन्स कितीही जवळ असली तरी पहिली काही मिनिटं शेजारच्याच माणसाच्या हातात असतात. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छाती किमान 5 सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने दाबायची, हे प्रत्येक मार्शलने बाहुलीवर करून बघितलेलं असावं. यात मी सवलत देत नाही.

पडलेला सायकलस्वार उठून पहिलं वाक्य बोलतो ते “मला काही झालं नाही.” त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत असतं. डोक्याला मार लागला असेल, हेल्मेटला तडा गेला असेल, तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्याला परत सायकलवर बसू द्यायचं नाही. विशीतल्या स्वयंसेविकेने वडिलांच्या वयाच्या माणसाला “काका, तुमची राइड इथे संपली” असं कसं सांगायचं? तिच्या हिमतीवर हे सोडू नये. नियमच असा करायचा की मार्शलने बिब, म्हणजे सायकलस्वाराचा नंबर छापलेला पट्टा, काढून घेतला की राइड संपली, आणि नोंदणी करतानाच प्रत्येकाने त्याला होकार दिलेला असतो. मग तिला वाद घालावा लागत नाही, नुसता नियम दाखवावा लागतो.

हवामानाचंही तसंच. गडगडाट ऐकू आल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून चर्चा करायची नसते. वीज दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर ती साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. राइड थांबवायची, पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. हा निर्णय कोण घेणार त्या एका व्यक्तीचं नाव आधी ठरलेलं हवं. त्या दिवशी त्या व्यक्तीने स्वतः राइड करायची नाही.

शेवटी मोजणी. निघाले किती, पोचले किती, मध्येच सोडून गेले किती. हा हिशेब जुळेपर्यंत कोणीही घरी जात नाही. दमून परस्पर घरी गेलेल्या एका सायकलस्वारासाठी चार गाड्या अंधारात रस्ता शोधत फिरतात, आणि पहाटेपासून जागे असलेले स्वयंसेवक तेव्हा स्वतःच धोक्यात असतात. म्हणून सोडून जाणाऱ्याने फोन करायचा, त्यासाठीचा क्रमांक बिबवर छापायचा, आणि सर्वांत मागे स्वीप म्हणून दोघांना ठेवायचं. एक जखमीजवळ थांबला तर दुसरा शेवटच्या सायकलस्वारासोबत पुढे जाऊ शकतो. या कामाला गटातला ताकदीचा आणि सगळ्यात सोशिक माणूस निवडावा. शेवटच्याला “चला, चला” न म्हणता त्याच्या वेगाने तासन्‌तास चालवणं सोपं नसतं. अशी माणसं मला फार मोलाची वाटतात.

तुम्ही पहिल्यांदाच राइड भरवणार असाल तर तीस किलोमीटर, चाळीस सायकलस्वार आणि डाव्या वळणांचा एक गोल मार्ग एवढ्यावर सुरू करा. झाल्यावर त्याच दिवशी मार्शलना विचारा, कुठे थोडक्यात निभावलं? ते सांगतील त्या जागा नकाशावर खुणा करून ठेवा, आणि पुढच्या वेळी पाहणी तिथूनच सुरू करा.