लोगो राहू दे, तुमचा रंग कुठला ते सांगा

आपल्याकडं कुणी बँड काढला की पहिल्या आठवड्यातच लोगो पाहिजे असतो. कवटी, गिटार, ज्वाळा, त्यावर टोकदार अक्षरं, आणि मग तेच इन्स्टावर, तेच टीशर्टवर, तेच चौकातल्या डिजिटल फ्लेक्सवर. मी डिझाइनचं काम करतो म्हणून पोरं माझ्याकडं येतात. सध्या ज्यांचं काम हातात आहे ती पोरं गिटार, बेस, ड्रम्स आणि त्यासोबत हलगी-कैताळ (कैताळ म्हणजे झांजा) वाजवतात, आणि असं वाजवतात की अंगावर काटा येतो. पण त्यांचा फोटो बघितला तर काळे टीशर्ट, विटांची भिंत, हाताची घडी. हलगी फोटोत नव्हतीच! जी गोष्ट दुसऱ्या कुणाकडं नाही तीच घरी ठेवून फोटो काढलेला, हे मला खरंच बघवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाव वाचायच्या आधी कळलं पाहिजे कोण आलंय. कोल्हापुरात हे कुणाला शिकवायला नको खरं तर. शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची फुटबॉल मॅच असली की वरच्या पायरीवर बसलेला माणूस टीमचं नाव वाचत बसत नाही, जर्सीचा रंग दिसला की त्याला पेठ कळते आणि ओरडायचं कुणासाठी तेही कळतं.

आणि हे आपल्या गावात आजचं नाही भावांनो. कलामहर्षी बाबूराव पेंटर आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, मग सिनेमात आले, १९२० ला सैरंध्री केला, आणि त्यांच्या १९२४ च्या कल्याण खजिनाचं रंगीत पोस्टर हे भारतातल्या सगळ्यात जुन्या टिकलेल्या चित्रांच्या सिनेपोस्टरांत धरतात. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी साथीदारांना घेऊन १९२९ ला इथंच प्रभात फिल्म कंपनी काढली, पुण्याला गेली ती नंतर, १९३३ ला. प्रभातची खूण आठवा, तुतारी फुंकणारी बाई. नाव पहाटेचं आणि चित्र आवाजाचं. मला वाटतं आवाजाच्या धंद्यातल्या माणसानं यापेक्षा चांगला धडा कुठं शोधायला जाऊ नये, कारण ते चित्र बघितलं की कान उभे राहतात.

बाहेरच्या बँडांचं बघितलं तरी तेच. बीटल्सची ती खाली लांब आलेल्या टीची अक्षरं कुठल्या मोठ्या एजन्सीनं नाही केली, १९६३ ला लंडनमधल्या ड्रमच्या दुकानाच्या मालकानं, आयव्हर आर्बिटरनं, ती कागदावर काढून दिली आणि एडी स्टोक्स नावाच्या बोर्ड पेंटरनं ड्रमवर रंगवली. म्हणजे आपल्याकडं दुकानांच्या पाट्या रंगवणारे असतात तसलाच कलाकार. रोलिंग स्टोन्सची जीभ जॉन पाश या कॉलेजातल्या पोरानं १९७० ला केली, ५० पौंड मिळाले, आणि स्टोन्सचा गायक मिक जॅगरनं त्याला दाखवलेलं चित्र कुठलं तर कालीमातेचं! क्वीनचं चिन्ह तर त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरीनं स्वतः काढलं, तो ग्राफिक डिझाइन शिकलेला होता, आणि चौघांच्या राशी घेतल्या त्यात, दोन सिंह, एक खेकडा, आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या. हा फ्रेडी आपल्या शेजारच्या पाचगणीच्या शाळेत होता, पहिला बँड त्यानं तिथंच काढला. सांगायचं कारण, यातल्या कुणी नेटवरचा तयार नमुना उचलला नाही, प्रत्येकानं स्वतःच्या जवळचं काहीतरी घेतलं.

मग पोरांना म्हटलं तुमच्या जवळचं काय? लय वेळ कुणी बोललं नाही, मग हलगीवाला म्हणाला, जोतिबाचा गुलाल. तिथंच ठरलं. चैत्र यात्रेला अख्खा डोंगर गुलाबी होतो, सासनकाठ्या नाचतात, चांगभलंचा गजर आणि त्यात हलगी, यांचा आवाज त्याच मातीतला आहे. भंडाऱ्याचा पिवळाही डोक्यात होता, पण पिवळा आजकाल सगळेच वापरतात. मात्र देवाचा फोटो किंवा राजमुद्रा टीशर्टवर घ्यायची नाही हे मी आधीच सांगितलं. टीशर्ट घामानं भिजतो, कुठंही पडतो, ते मला पटत नाही.

खूण म्हणाल तर हलगीचं एक वर्तुळ आणि त्यावर दोन रेघा, एक जाड आखूड, एक बारीक लांब, हलगीच्या दोन काड्यांसारख्या. बास. मोबाईलवर नखाएवढी केली तरी ओळखू येते आणि एका रंगात रबरी शिक्काही होतो. नाव देवनागरीतच, आणि वरची शिरोरेघ म्हणजे तीच लांब काडी. फुकट फॉन्ट चांगले आहेत, मुक्ता, बालू मी रोज वापरतो, पण बँडचं नाव हातानं काढलेलं असावं, कारण तोच फॉन्ट उद्या वाढदिवसाच्या डिजिटलवर दिसतो आणि तुमची ओळख तिथंच संपते.

रंग दोनच, गुलाबी आणि काळा. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, रंग वाढला की खर्च वाढला, आणि पोरांकडं पैसे किती असतात ते आपल्याला माहितीये. दुसरं कारण स्टेजचं आहे. लाल लाइट पडला की गुलाबी आणि पांढरा जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळं गुलाबीवर पांढरं नाव टाकलं तर ऐन गाण्यात ते गायब होणार. काळं टिकतं.

फोटोला सगळे रंकाळ्यावर मावळतीला पळतात, पण त्या नारिंगी उजेडात गुलाल मरतो. आम्ही पंचगंगा घाटावर जाणार, सकाळी, काळ्या दगडावर गुलाबी उठून दिसतो. कपडे सगळ्यांचे आपापले, फक्त प्रत्येकाच्या अंगावर एक गुलाबी गोष्ट, कुणाचा रुमाल, कुणाचा गिटारचा पट्टा. फेटा हलगीवाला बांधतो कारण तो कार्यक्रमाला बांधतोच, बाकीच्यांनी फोटोपुरता बांधायचा नाही, ते लगेच खोटं दिसतं.

आणि हे निदान दोन-तीन वर्षं बदलायचं नाही हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. वाजवणारी पोरं स्वतःच्या खुणेला सगळ्यात आधी कंटाळतात, लोकांनी ती नीट बघितलेलीही नसते तोवर यांना नवीन पाहिजे असते.

खूण रंगवायला एक जुने बोर्ड पेंटर काका तयार झालेत. त्यांनी पहिल्यांदा हलगी हातात घेऊन वाजवून बघितली आणि म्हणाले, कातड्यावर रंगाचा थर दिला तर आवाज बसेल, ते मी करणार नाही. त्यामुळं हलगीचं फक्त कडं गुलाबी होणार, आणि मोठी खूण बास ड्रमच्या पुढच्या बाजूला, जिथं टोला पडत नाही. गुलाबी कुठला ते अजून नक्की व्हायचंय, काकांनी तीन छटा पत्र्यावर लावून दिल्यात, रविवारी हॉलवर लाइट लावून तिन्ही बघायच्या आणि मग डबा आणायचा.